शिकंजीत दूध की लिंबू? आणि शब्दाचा अर्थ ठरवतं कोण?

रामबागकर (धागाकर्ता)

मंडळी, विषय खाण्याचा वाटेल, पण दुखणं डोक्याचं आहे.

दिल्लीहून आलेल्या एका स्नेह्यांना परवा रात्री इंदूरच्या सराफ्यात, खाण्याचे ठेले लागतात तिथे नेलं. भुट्ट्याचा कीस झाला, तळलेले गराडू (कंद) झाले, जिरावन मसाल्याने जीभ पोळली, तेव्हा म्हटलं चला, आता शिकंजी घेऊ. गृहस्थ खूश. लिंबाचं गार पाणी, काळं मीठ, जिरं असा त्यांचा हिशेब. हातात आला तो आटवलेल्या दुधाचा दाट ग्लास, केशर-वेलची घातलेला, वर सुकामेवा, चमचा उभा राहील असा. त्यांनी एक घोट घेतला, ग्लासात वाकून बघितलं आणि म्हणाले, "अच्छा है, पर ये शिकंजी नहीं है." दुकानदार गल्ल्यावरून न उठता म्हणाला, "भिया, पूरे इंदौर में यही शिकंजी है."

घरी पोचेपर्यंत वाद चालला. मला तेव्हापासून पडलेला प्रश्न असा. दोघंही प्रामाणिक. कोणत्या ग्लासात काय आहे हे दोघांनाही नीट माहीत. म्हणजे भांडण पेयाबद्दल नाहीच, शब्दाबद्दल आहे. मग शब्दाच्या बाबतीत चूक-बरोबर असं काही असतं का? असेल तर ते कशावर ठरायचं?

माझा पहिला अंदाज होता की अर्थ ज्याच्या त्याच्या मनात असतो. शब्द म्हणजे मनातल्या कल्पनेची खूण. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक सतराव्या शतकाच्या अखेरीस साधारण हेच सांगून गेला. पण तसं असेल तर हे दोघे भांडले कशाला? एक म्हणतो मला भूक लागली, दुसरा म्हणतो मला नाही लागली, यात वाद कुठे असतो? प्रत्येकाने आपापल्या आतलं सांगितलं, झालं. इथे मात्र वाद झाला. म्हणजे दोघंही मनाबाहेरच्या कशाकडे तरी बोट दाखवत होते. कशाकडे?

जाणकारांनी जरा सोपं करून सांगावं. चालू द्या.

सरळसोट

लिंबू नाही तर शिकंजी नाही. मूळ शब्द बघा, मूळ अर्थ बघा. विषय संपला.

रेसिडेन्सीवाली

सरळसोट, मुळावर जायचंच म्हणता? शब्द फारसीतल्या सिकंजबीनवरून आलेला आहे. सिरका आणि अंगबीन, म्हणजे व्हिनेगर आणि मध. त्यांचं आंबटगोड सरबत. या हिशेबाने दिल्लीचा ग्लाससुद्धा बाद! लिंबू तिथे मागाहून शिरलं, आपल्याकडे दूध शिरलं. की दिल्लीत झालेला बदल म्हणजे उत्क्रांती आणि सराफ्यात झालेला तो अपभ्रंश?

सरळसोट

ह्म्म. मग शब्दकोश. प्रमाण कोशात जे असेल ते बरोबर, बाकी बोलीभाषा. एवढा काथ्याकूट कशाला?

जुनीपोथी

सरळसोटराव, कोशाला मान आहेच. पण कोशकाराने तो अर्थ आणला कुठून? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारून वाढवून १८५७ साली पुन्हा. शास्त्रीमंडळींना हाताशी धरून शब्द गोळा केले, म्हणजे लोक जे बोलत होते ते टिपलं. लोकांनी आधी कोश उघडला आणि मग बोलायला सुरुवात केली, असं झालेलं नाही.

पतंजलीने महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथाच्या सुरुवातीलाच हे मजेने सांगितलं आहे. घागर हवी असली की माणूस कुंभाराच्या घरी जातो आणि म्हणतो, घट करून दे, मला काम आहे. पण शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या दारात कोणी जात नाही, की बाबा शब्द करून दे, मला वापरायचे आहेत.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, शब्दाची शक्ती (अर्थ सांगण्याची ताकद) कशी कळते याचे आठ मार्ग एका श्लोकात बांधले आहेत. व्याकरण, उपमान, कोश, विश्वासू माणसाचं वाक्य, व्यवहार, वाक्याचा उरलेला भाग, विवरण आणि शेजारच्या ओळखीच्या शब्दाची संगत. कोश त्यातला एक. सगळ्यांचा शिरोमणी मात्र व्यवहार, कारण उरलेले सात वापरायला आधी थोडी भाषा यावी लागते. ज्याला काहीच येत नाही, त्याने काय करायचं?

आमच्या घरात सध्या हे रोज बघायला मिळतं. नात जेमतेम चालायला लागली आहे. फाटकाबाहेर सगळी हिंदी, घरात मराठी. सौ. पोळ्या करताना सुनेला म्हणते, "लाटणं आण." सून फडताळातून लाटणं काढून देते. नात खाली फतकल मारून बघत असते. थोड्या वेळाने, "पोळपाट आण." मग, "लाटणं ठेव." एकदा 'लाटणं' तेच राहिलं आणि हालचाल बदलली, एकदा 'आण' तेच राहिलं आणि वस्तू बदलली. नातीला कोणी काही शिकवत नाही. दोन मोठी माणसं आपापसात बोलतात आणि तिसरं पोर त्यातून भाषा उचलतं. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या ग्रंथांत हीच गोष्ट गाईची आहे. एक थोरला म्हणतो 'गाय आण', दुसरा आणतो. पुढे 'घोडा आण', मग 'गाय बांध'. एक शब्द घालायचा, एक काढायचा आणि काय बदललं ते पाहायचं. याला ते आवाप-उद्वाप म्हणतात. सगळ्याचं नाव वृद्धव्यवहार.

छप्पनभोगी

काका, लाजवाब. वाचनखूण साठवली आहे.

अनुमान

जुनीपोथीकाकांच्या प्रतिसादाला +१, पण त्यात एक भोक आहे आणि ते पाडायला मला फार आवडेल.

अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइन याने १९६० साली हा प्रश्न टोकाला नेला. समजा पूर्णपणे अनोळखी भाषा बोलणाऱ्या लोकांत तुम्ही गेलात. ससा पळाला की तिथला माणूस म्हणतो, 'गावागाई'. तुम्ही वहीत लिहिता, गावागाई म्हणजे ससा. पण कशावरून? सशाचे न सुटलेले अवयव कशावरून नाही? ससेपणाची एक झुळूक कशावरून नाही? जिथे ससा तिथे हे सगळं असतंच. बोट दाखवून, होकार-नकार विचारून या पर्यायांत निवड करता येत नाही.

आता स्वयंपाकघरात या. 'लाटणं' म्हणजे लाटण्याचा फक्त मधला जाडा भाग, असं तुमच्या नातीने धरलं तर? तो भाग आणला की अख्खं लाटणं येतंच. ठेवला की अख्खं ठेवलं जातं. घाला-काढाच्या खेळात तिची चूक कधीच पकडली जाणार नाही. क्वाइनचं म्हणणं तर याहून कडक आहे. त्याच्या मते इथे पकडण्यासारखं लपलेलं सत्यच काही नाही.

जुनीपोथी

अनुमान, भोक पाडलंत हे खरं. पण माझी नात क्वाइनसारखी खुर्चीत बसून पर्याय मोजत नाही. परवा तिने लाटणं उचलून फरशीवर वरवंट्यासारखं दाणदाण आपटलं. सौ. ओरडली, "अगं, ते कुटायचं नाही, लाटायचं!" मुलीला शब्दाबरोबर वस्तू मिळते, वस्तूबरोबर तिचं काम मिळतं आणि काम चुकलं की ओरडा मिळतो. हे तिन्ही एकत्र आलं की मधल्या जाड्या भागाला फारसा वाव राहत नाही.

आणि मीमांसकांतही यावर दोन तट आहेतच. प्रभाकराचे लोक म्हणतात, शब्दाचा सुटा अर्थ कधी कळतच नाही, कळतो तो इतर शब्दांशी जोडलेलाच. लाटणं म्हणजे आणायचं, ठेवायचं, धुवायचं लाटणं. कुमारिलाचे म्हणतात, शब्द आधी आपापला अर्थ देतात आणि मग ते अर्थ एकमेकांशी जुळतात. वैयाकरण भर्तृहरी आणखी पुढचा, त्याच्या लेखी खरं एकक अखंड वाक्य. शब्द आपण मागाहून चिरून काढतो.

अनुमान

मान्य, आणि ओरड्याचा मुद्दा तर फारच मोलाचा. तत्त्वज्ञ विट्गेनस्टाईनचं पुस्तक तो गेल्यावर १९५३ साली आलं. त्यात तो म्हणतो की पुष्कळशा ठिकाणी शब्दाचा अर्थ म्हणजे भाषेतला त्याचा वापर. लोक हे ऐकून समजतात की अर्थ म्हणजे 'लोक जे काय करतात ते'. तसं नाही. वापरात बरोबर वापर आणि चुकीचा वापर असा फरक करणारी सगळी रीत येते: शिकवणं, दुरुस्त करणं, हसणं, ओरडणं. एकट्याच्या मनात ही रीत राहू शकत नाही. मीच खेळाडू, मीच पंच असेन तर मला जे बरोबर वाटेल ते बरोबर, म्हणजे 'बरोबर' या शब्दाला तिथे काही कामच उरत नाही.

म्हणून रामबागकर, तुमच्या दुकानदाराने "माझ्या मते" असं म्हटलं नाही, "पूरे इंदौर में" म्हटलं. त्याला विट्गेनस्टाईन न वाचता कळलेला आहे.

पुण्यातली_वहिनी

माझं सासर इंदूरचं, म्हणून हक्काने विचारते. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सासूबाई म्हणाल्या, "मी तुझ्या आईशी फोनवर गोष्ट केली." मी म्हटलं, "कुठली? राजाराणीची?" सगळं घर हसलं, पण माझ्यावर! इकडे 'बात करना' सरळ मराठीत येऊन बसलेलं आहे. पुण्यात गोष्ट सांगतात, इकडे गोष्ट करतात.

आता वापर म्हणजे अर्थ असेल तर चूक कोणाची? मला सगळ्या इंदूरला दुरुस्त करता येईल का?

छप्पनभोगी

वहिनी, प्रयत्न करून पाहा, आम्ही शिकंजी पाजू. हलके घ्या.

माझीही भर. सकाळी घरातली बाई म्हणाली "सराफ्यात जाऊन येऊ" तर नवऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण तिथे सोन्याचांदीची दुकानं. तेच वाक्य रात्री दहाला म्हटलं तर सगळी पोरं चपला घालून तयार, कारण दुकानांची शटरं पडलेली असतात आणि समोर खाण्याचे ठेले लागलेले असतात. जागा तीच, शब्द तोच. मग 'सराफा' या शब्दाचे दोन अर्थ झाले का?

जुनीपोथी

नाही. अर्थ एकच, तो बाजार. 'रात्री सराफा' म्हटल्यावर खाणं कळतं ते प्रसंगाने. आपल्याकडे याचे थर केलेले आहेत. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ. तो बसेनासा झाला, त्याच्याशी संबंधित दुसरं काही हाताशी असलं आणि रूढी किंवा काही प्रयोजन असलं की लक्षणा. 'गंगेवर गवळीवाडा' म्हटलं की आपण तो काठावर समजतो, पाण्यात नाही. आणि त्याही पलीकडे जे सुचवलं जातं ती व्यंजना. नवऱ्याच्या पोटातला गोळा व्यंजनेचा!

अनुमान

इंग्रज तत्त्वज्ञ पॉल ग्राइसने १९५७ साली असाच एक कप्पा पाडला: शब्दाचा अर्थ वेगळा आणि बोलणाऱ्याला काय म्हणायचं आहे ते वेगळं. फक्त तो उलट्या बाजूने चढला. त्याच्या मते मुळात माणसाचा हेतू असतो, ऐकणाऱ्याने तो ओळखावा अशी अपेक्षा असते आणि अशा हेतूंची सवय पडत पडत शब्दाचा ठरलेला अर्थ तयार होतो. मला हे अर्धवट वाटतं. हेतू ओळखायला आधी भाषा लागतेच की. पण तो वेगळा धागा होईल.

कसवटी

बराच वेळ वाचतोय. आमचं घर तीन पिढ्या सराफ्यातलं, ठेल्यांच्या नव्हे, शटरांच्या बाजूचं. 'वापर म्हणजे अर्थ' हे मला पटत नाही आणि का ते सांगतो.

गिऱ्हाईक बाई आजीची बांगडी घेऊन येते. सासरचे चाळीस वर्षं तिला सोन्याची म्हणत आले. लग्नात सोन्याची म्हणून मिरवली, वाटणीत सोन्याची म्हणून मोजली. बाबा कसवटीचा काळा दगड पुढे ओढतात. आधी तेलाचा हात फिरवून दगड पुसतात. बांगडीची कड एकदाच, दाबून, सरळ ओढतात. दगडावर पिवळी रेघ उठते. शेजारी खात्रीच्या सोन्याच्या सळईची दुसरी रेघ. दोन्ही रेघांवर काचेच्या कांडीने तेजाबाचा (अ‍ॅसिडचा) थेंब. सळईची रेघ आहे तशी राहते. बांगडीची रेघ हिरवट होते, फसफसते आणि पुसल्यासारखी नाहीशी होते. बाबा काही बोलत नाहीत, दगड बाईंकडे फिरवतात.

आता सांगा. त्या घरात त्या वस्तूला सगळे 'सोनं'च म्हणत होते. वापर एकमुखी होता. तरी ती बांगडी एका दिवसासाठीही सोन्याची नव्हती. तेजाबाचा थेंब पडल्यावर ती पितळेची झाली नाही, पहिल्यापासून पितळेचीच होती. यात वापर कुठे गेला?

रामबागकर

कसवटी, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं सोनं. (कस लावून बघा.)

अनुमान

कसवटी यांनी जे सांगितलं त्यावर अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पटनमने १९७५ साली एक लांबलचक निबंध लिहिला आहे. त्यातली दोन सूत्रं इथे चपखल बसतात.

पहिलं, भाषेतली कामाची वाटणी. 'सोनं' हा शब्द सगळे वापरतात, पण सोनं ओळखता येतं मोजक्यांना. बाकीचे त्यांच्या भरवशावर बोलतात. पटनम स्वतःबद्दल सांगतो की एल्म आणि बीच ही दोन झाडं त्याला वेगळी ओळखता येत नाहीत, मनातलं दोघांचं चित्र एकच, तरी 'एल्म' म्हणताना तो एल्मबद्दलच बोलतो. म्हणजे अर्थ डोक्यात मावत नाही. रामबागकर, तुमचा लॉक इथे पडतो.

दुसरं, जगाचा वाटा. त्याने दुसऱ्या एका पृथ्वीची कल्पना केली. सगळं आपल्यासारखं, फक्त नदीनाल्यांतलं द्रव्य दिसायला-प्यायला पाण्यासारखं असूनही आतून वेगळंच. तिथला माणूस 'पाणी' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात आणि माझ्या डोक्यात काडीचाही फरक नाही. पण तो त्याच्या द्रव्याबद्दल बोलतो, मी माझ्या. फरक डोक्याबाहेर आहे, नळात आहे.

जुना_दवाखाना

वैद्यकातलं एक उदाहरण देतो. तत्त्वज्ञ टायलर बर्ज याने १९७९ साली लिहिलेलं आहे. एक रोगी डॉक्टरला सांगतो की माझा संधिवात आता मांडीत उतरला. डॉक्टर म्हणतो, संधिवात सांध्यांतच असतो. रोगी लगेच मान्य करतो, "असं होय? मग हे दुसरंच काही असेल." तो असं म्हणत नाही की "माझ्या संधिवाताचा अर्थ वेगळा आहे." दुरुस्ती होण्याआधीही तो समाजाच्याच शब्दात विचार करत होता. माझ्या ओपीडीत हे रोज घडतं. फक्त रोगी इतक्या लवकर मान्य करत नाहीत.

महूची_लेक

सोनं, पाणी, आजार झाले. नावांचं काय? आमच्या गावाचं, इंदूरजवळच्या महूचं बघा.

लहानपणापासून ऐकलं की एम, एच, ओ, डब्ल्यू म्हणजे 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर'. अजून व्हॉट्सअॅपवर फिरतं. ते मागाहून जुळवलेलं आहे. १८१८ साली इंग्रजांनी छावणी टाकली ती महू गावाजवळ, आणि नाव गावाचंच घेतलं. २००३ साली सरकारने नाव डॉ. आंबेडकर नगर केलं. बाबासाहेबांचा जन्म इथलाच, १८९१चा, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. स्टेशनवर तीच पाटी आहे. पण बसवाला आजही "महू, महू" ओरडतो.

आता ज्याला 'मिलिटरी हेडक्वार्टर्स' ही थापच खरी वाटते, तो 'महू' म्हणतो तेव्हा कोणत्या गावाबद्दल बोलतो? आमच्याच ना? त्याच्या डोक्यातली माहिती चूक, तरी नाव बरोबर जागी जाऊन पडतं. हे कसं?

अनुमान

ताई, याचं उत्तर अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपकीने जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला तीन व्याख्यानांत दिलं, तेही हातात टिपणं न घेता. नाव वर्णनावर टांगलेलं नसतं. कोणीतरी कधीतरी त्या वस्तूला नाव ठेवतं, ऐकणारा त्याच वस्तूसाठी ते पुढे देतो, तो आणखी पुढे. साखळी शाबूत असली की माहिती खोटी असली तरी बिघडत नाही. त्याआधी १८४३ साली इंग्रज तत्त्वज्ञ मिलनेही म्हटलं होतं की डार्टमथ म्हणजे डार्ट नदीच्या मुखावरचं गाव, पण उद्या नदीने मुख बदललं तरी नाव तिथेच राहील. आपलं इंदूरचं नवलखा घ्या. तिथे नऊ लाख झाडं होती असं सांगतात. आज एकही नसली तरी रिक्षावाला बरोबर तिथेच सोडेल.

जुनीपोथी

क्रिपकीच्या या नाव ठेवण्याला आपण बारसं म्हणतो, आणि न्यायात त्यावर खडाजंगी झालेली आहे. जुन्या नैयायिकांचं म्हणणं की 'या शब्दाने हा अर्थ कळावा' ही ईश्वराची इच्छा म्हणजेच शब्दाची शक्ती. मग विचारणारा विचारतो, काल जन्मलेल्या पोराच्या नावाचं काय? देवाने ते कधी ठरवलं? उत्तर मोठं हुशार आहे. 'अकराव्या दिवशी पित्याने नाव ठेवावं' असं शास्त्रवचन आहेच, म्हणजे बापाने ठेवलेल्या नावालाही ईश्वरेच्छेची आगाऊ मंजुरी आहे! नव्यांनी हा वळसा काढून टाकला. ते म्हणाले, ईश्वराची कशाला, कोणाचीही इच्छा पुरते.

मीमांसक या दोघांनाही मोडीत काढतात. त्यांच्या मते शब्द आणि अर्थाचं नातं कोणी जोडलेलंच नाही. जोडणाऱ्याने "याला गाय म्हणू या" असं सांगितलं असेल, तर ते सांगायला त्याने कुठली भाषा वापरली?

वडोदेकर

इंदूरकरांच्या धाग्यात बडोद्याची लुडबुड करतो. बोली न बोलता, सरकारी हुकमाने अर्थ ठरवायचा प्रयोग आमच्याकडे झालेला आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू' निघाला. राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत, मराठी-गुजरातीसकट, शेजारी शेजारी. असे शब्द पंडित मोजून मापून घडवतात. काही टिकतात, काही कागदावरच राहतात. सावरकरांनी 'महापौर' दिला तो इतका मुरला की आज हिंदीवालेसुद्धा आपलाच म्हणून वापरतात. घडवणाऱ्याची इच्छा दोन्हीकडे सारखीच पक्की असते, फरक पडतो तो लोकांनी उचलण्यात.

आणि अवांतर: लहरीपुऱ्याजवळचं आमचं न्यायमंदिर. कचेऱ्या कधीच दुसरीकडे गेल्या, तरी "न्यायमंदिरापाशी भेटू" हे चालूच आहे. तुमच्या डार्टमथला जोड.

रेसिडेन्सीवाली

एक राहिलं. माझ्या आजीचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं लिहिलं, तेव्हापासून माहेरचं कोणी घेतलं नाही. ती गेल्यावर जुने कागद निघाले, एका जमिनीवर तिचं माहेरचं नाव. कचेरीत आम्हाला शपथपत्र करावं लागलं की ही बाई आणि ती बाई एकच. क्रिपकी-मिल म्हणतात तसं नावाचं काम फक्त वस्तूवर बोट ठेवणं असेल, तर 'अमुक म्हणजे तमुक' हे वाक्य 'अमुक म्हणजे अमुक' इतकंच पोकळ व्हायला हवं. पण पहिल्या वाक्यासाठी आम्ही खेटे घातले!

अनुमान

हा थेट जर्मन तत्त्वज्ञ फ्रेगचा प्रश्न, १८९२चा. त्याचं उदाहरण पहाटेच्या आणि संध्याकाळच्या चांदणीचं, दोन्ही शुक्रच. तो म्हणाला, नाव कोणावर पडतं ते एक, आणि ते त्या वस्तूला कोणत्या बाजूने समोर आणतं ते दुसरं. क्रिपकीवाल्यांना तुमच्या शपथपत्राचं समाधानकारक उत्तर अजून देता आलेलं नाही, असं माझं मत.

सरळसोट

सगळं वाचलं. आता मला एकाने सांगा. साखळी शाबूत असली की नाव शाबूत, हे ठीक. पण साखळीतच गफलत झाली तर?

अनुमान

तर नाव घसरतं. तत्त्वज्ञ गॅरेथ एव्हान्सने १९७३ साली मादागास्करचं उदाहरण दिलं. ते नाव मूळ आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या प्रदेशाचं. मार्को पोलोने ऐकीव माहितीवरून ते बेटाला लावलं. त्याचा इरादा जुन्या नावानेच बोलायचा होता, तरी आज मादागास्कर म्हणजे बेटच, आणि कोणी म्हणत नाही की जगाचे नकाशे चुकीचे आहेत. पुण्यातली वहिनी, तुमच्या सासरची 'गोष्ट' अशीच घसरून नव्या जागी स्थिरावलेली आहे. तिला दुरुस्त करायला आता उशीर झाला.

कसवटी

मग माझी बांगडी का घसरली नाही? सगळं घर पितळेला सोनं म्हणत होतं, म्हणजे त्या घरापुरतं 'सोनं' पितळेवर घसरायला हवं होतं.

आणि उलटं उदाहरणही आमच्याच दुकानातलं. जर्मन सिल्व्हर. त्यात तांबं, निकेल, जस्त. चांदी गुंजभरही नाही. गिऱ्हाईकाला हे माहीत असतं, तरी ते जर्मन सिल्व्हरची समई मागतं आणि आम्ही बेलाशक देतो. तिथे कोणी तेजाब मागत नाही.

सरळसोट

बघा! म्हणजे कधी वापर जिंकतो, कधी धातू. मग नियम काय राहिला?

अनुमान

कसवटीकाका, जर्मन सिल्व्हरची समई तुम्ही 'चांदीची' म्हणून विकली तर फसवणूक, 'जर्मन सिल्व्हर' म्हणून विकली तर नाही. गिऱ्हाईकही हा फरक जाणतं. म्हणजे कोणत्या शब्दाला कोणती परीक्षा लावायची, हे लोकांनी आधीच ठरवून ठेवलेलं आहे, आणि तेही वापरातूनच. 'चांदी', 'सोनं' यांच्या बाबतीत त्यांनी ठरवलं की निकाल आपण द्यायचा नाही, धातूने द्यायचा आणि वाचायचा तो सराफाने. आता तर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, बावीस कॅरटला ९१६चा शिक्का. एकदा निकाल असा सोपवून दिला की तो परत मागता येत नाही. म्हणून ते घर चाळीस वर्षं एकमुखाने चुकू शकलं. त्यांनी बांगडीला सोनं म्हटलं, पण 'सोनं' हा शब्द त्यांनी साऱ्या बाजारासारखाच वापरला होता. नाहीतर ती बाई तुमच्या दगडापाशी आलीच नसती.

शिकंजीचा निकाल असा कोणाकडेच सोपवलेला नाही. तिला कसवटी नाही, तेजाब नाही.

सरळसोट

सोपवलेला नाही म्हणता, उद्या कोणी तिचं भौगोलिक मानांकन (जीआय) काढलं तर? मग कागदच ठरवेल.

कसवटी

तेव्हा आमच्यासारखा कोणीतरी शिकंजीचा कस लावायला गल्ल्यावर बसेल. मुलाला सांगून ठेवतो.

संपादक मंडळ

'दोन्ही शिकंज्या कुठे चांगल्या मिळतात' या आशयाचे प्रतिसाद खाद्य विभागात हलवले आहेत. कृपया तिकडेच लिहावे.